कोपऱ्यातलं स्टूल

अक्काने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

समोर पलंगावर बाळ रडत होतं. आठवड्याचं बाळ, रडून रडून लालबुंद झालेलं. आई त्याला छातीशी धरायची, ते तोंड फिरवायचं, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या कपाळावर टपकायचं. शेजारी नवी आरोग्यसेविका वाकून उभी होती. वयाने लहान, चणीने लहान, चालणं सावकाश. आरोग्य केंद्रातल्या सगळ्या तिला मुंगी म्हणत. खिडकीत स्वच्छ फडक्यावर उकळलेली बाटली उपडी घातली होती, आणि बाळाची आजी पातेल्यातलं दूध निवायची वाट बघत होती.

दारात, चपला काढायच्या जागी, प्रशिक्षण देणाऱ्या बाई उभ्या होत्या. जुन्या परिचारिका, निवृत्तीनंतर सेविकांमधून पर्यवेक्षिका घडवायचं काम करत. त्यांचं लक्ष बाळाकडे नव्हतं, मुंगीकडेही नव्हतं. त्या अक्काकडे बघत होत्या.

अक्का मुरलेली आरोग्यसेविका, तिच्या हाताला गुण होता. ती ज्या वाटेने जाई त्या वाटेवरची बाळं बाळसं धरत. रडणारं तिच्या खांद्यावर आलं की उसासा टाकून झोपून जाई. म्हणून तर तिला पर्यवेक्षिका करायचं ठरलं, आणि तिथेच घोडं अडलं. सरावाच्या पहिल्या भेटीत तिने सेविकेच्या हातातून बाळच काढून घेतलं. पुढच्या भेटीत हात आवरले, पण सेविका बोलत असताना मधेच म्हणाली, "तसं नव्हे गं." एवढंच. त्या दिवसापासून त्या घराने त्या सेविकेला दारात उभं केलं नाही. निरोप एकच, मोठ्या बाईंना पाठवा.

"तू काम उत्तम करतेस," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "तेच नडतंय."

"मग काय, वाईट करू?"

"जमलं तर बघ. अगं, तू निघून जाणार. उद्या त्या घरात पाय कुणाचा पडणार आहे? तुझा की तिचा?"

आज शेवटची भेट होती. आजही जमलं नाही तर अक्का पुन्हा आपल्या जुन्या कामावर, आणि पर्यवेक्षिकेची जागा दुसरीला.

बाळाचं अंग एकीकडे आणि मान भलतीकडे वळलेली, हे अक्काला उंबऱ्यातूनच दिसलं होतं. मुंगीला अजून दिसलं नव्हतं. तिने उशी दिली, ती उंच झाली. उशी काढली, बाळ खाली घसरलं. आईने ओठ दाताखाली धरला.

"राहू दे गं आता," आजी म्हणाली. "लेकराचे हाल किती करायचे? मी माझ्या पोरांना वरचंच पाजलंय. चांगली धट्टीकट्टी उलट बोलतात आता."

"थोडं थांबा ना, आजी."

"थांबलेच आहे सकाळपासून. पाय बोलायला लागले माझे."

मुंगीने मागे वळून पाहिलं. ताई, मला जमत नाहीये, तुम्ही या, एवढं सगळं त्या नजरेत होतं. अक्काची बोटं मांडीखाली वळवळली.

आजीनेही ती नजर पकडली आणि ती सरळ अक्काकडे वळली.

"तुम्ही मोठ्या दिसता. तुम्हीच सांगा काय ते."

खोलीत नुसतं रडणं उरलं. अक्काच्या ओठांवर एक वाक्य येऊन बसलं, फांदीवर पाखरू बसावं तसं, इवलंसं, अगदी खरं. दारात बाई हलल्या नाहीत. अक्काने आवंढा गिळला, आणि त्याबरोबर ते वाक्यही.

"मी यांच्याबरोबर आलेय, आजी," ती म्हणाली. "या सांगतील तेच मीही ऐकणार."

कालपर्यंत अक्का तिला अगंतुगं करत होती. तो 'या' ऐकून मुंगीची पाठ हळूच ताठ झाली. तिने बाळ उचललं आणि आजीच्या हातात दिलं.

"जरा खांद्यावर घ्या, आजी. तुमच्याकडे शांत होईल."

मग ती पलंगाच्या कडेला टेकली, आईच्या अगदी जवळ.

"बसवतंय का तुम्हाला?"

आईने नकारार्थी मान हलवली. "टाके ओढतात," ती पुटपुटली. "सगळे बाळाचंच विचारतात."

"मग बसायचं कशाला? आडव्या व्हा. अशा, कुशीवर."

अक्का स्टुलावर पुढे सरकली. बाळाची मान, बाळाचे ओठ, बाळाची हनुवटी, सगळं तिने टिपलं होतं. आई कशी बसलीय ते मात्र तिच्या नजरेतून सुटलं होतं. मुंगीने पाठीशी उशी दिली, आजीकडून बाळ घेऊन कुशीत निजवलं, पोटाला पोट, नाकासमोर स्तनाग्र, आणि हात काढून घेतला. बाळाने हुंकार दिला. शोधलं. तोंड चांगलं मोठं उघडलं.

घुटुक. जरा थांबून पुन्हा घुटुक.

सगळी खोली तो आवाज ऐकत राहिली. आईचे खांदे सैल पडले. आजीने पातेल्यावर झाकण ठेवलं.

निघताना आजी दारापर्यंत आली. तिने मुंगीच्या गालावरून हात फिरवला.

"गुणाची आहेस गं. परवा ये. तूच ये हं." मग अक्काकडे बघत, आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "या बाईंना कशाला उन्हात फिरवतेस? स्वभावाने भल्या आहेत, पण यातलं त्यांना काही कळत नाही वाटतं."

मुंगीचा चेहरा उतरला. "अहो आजी, या म्हणजे…"

अक्काने तिचा दंड हलकेच दाबला.

"शिकतेय, आजी," ती म्हणाली.

गल्लीत मुंगी भराभर पुढे चालली होती. आज तिला मुंगी कोणी म्हटलं नसतं. अक्का आणि बाई मागून येत होत्या. आजीचं बोलणं अक्काला लागलं होतं, नाही म्हणायला.

"बाई, माझा निकाल कधी कळवाल?"

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"मी कशाला? त्या आजींनी सांगितला की आत्ता, दारात."

अक्का चालता चालता थांबली. मग तिला असं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. आवाज ऐकून मुंगी वळली आणि परत येऊ लागली.

"काय झालं, ताई?"

"काही नाही," अक्का डोळे पुसत म्हणाली. "तू हो पुढे. आम्ही येतो मागून."