श्रीदेवी कडक भाकरी, उमरगा

श्रीदेवी गेली त्या सकाळी ती गेल्याची बातमी तिच्याच नावाने गावभर गेली. "श्रीदेवी पहाटे वारली. आज भाकरी नाही." शेजारी तिचा हसरा फोटो. पहिलं उत्तर जुन्या गिऱ्हाईक सारजाबाईंचं आलं, "अक्का, सकाळी सकाळी असली मस्करी करू नगा."

मित्रांनो, ती मस्करी नव्हती. मी श्रीदेवीचा जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा आहे आणि फटींत ज्वारीचं पीठ आहे. ती कडक भाकरी करून विकायची. ऑर्डरी माझ्यातल्या निरोपांच्या ॲपवर यायच्या. पण तिचे हात पिठात. म्हणून तेच ॲप चुलीजवळच्या टॅबवर आणि तिचा नवरा बसवराज यांच्या फोनवरही जोडलं होतं. कुठूनही लिहा, नाव तिचंच जायचं. दवाखान्यातून बातमी लिहिताना हे बसवराज यांच्या ध्यानात राहिलं नाही.

ती असताना मला मान होता. मला पदराने पुसत ती नवऱ्याला म्हणायची, "खरा मालक ह्यो. तुमी नुसतं जोडलेलं."

दिवसकार्य झाल्यावर मुलगा शिवपुत्र म्हणाला, "अप्पा, अव्वाचं खातं बंद करू. मेलेल्या माणसाचा मेसेज आला म्हणून लोक हसायलेत."

"हसू दे."

"चालवणार कोण? तुमाला पीठ तरी मळता येतं का?"

"न्हाय येत."

शिवपुत्रने टॅब आणि वडिलांचा फोन माझ्यापासून तोडला. मला बंद करून कपाटात टाकलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. आईच्या नावाची चेष्टा त्याला सोसत नव्हती. पण माझं ऐका. मी बंद तर तिचं नाव सगळीकडे बंद. ते मला मान्य नव्हतं.

बसवराज यांनाही नव्हतं. मुलगा पुण्याला परतताच त्यांनी मला काढून चार्जिंगला लावलं. आपल्या फोनवरचा चौकोनी कोड माझ्या कॅमेऱ्यापुढे धरला. कधी फार जवळ, कधी फार लांब, जमेना. शेवटी मी तो पकडला. मग टॅब जोडला. मग तिच्याच नावाने त्यांनी लिहिलं, "भाकरी परत सुरू करतोय. करणारा मी, बसवराज."

सारजाबाईंनी लगेच विचारलं, "भाऊ, तुमाला थापता येती व्हय?"

"न्हाय. शिकायलोय."

"बरं. माझ्या धा भाकरी लिहून ठेवा. मोडक्या घेनार न्हाय बगा."

मित्रांनो, तडा दिसला म्हणून कुणाला भंगार म्हणू नका. त्याला कोण कोण जोडलेलं आहे, ते आधी विचारा. माझी बॅटरी फुगली आहे, ती बदला. नाव बदलू नका.

बसवराज रोज पीठ मळतात. भाकरी परातीतून उचलताना मोडते. ते तुकडे ते स्वतः खातात आणि पुन्हा पीठ घेतात. सारजाबाईंची ऑर्डर माझ्यावर, टॅबवर आणि त्यांच्या फोनवर, तिन्हीकडे दिसते. ती अजून पोचलेली नाही.