कोठीची किल्ली

गोजरबाईचा विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक स्वतःचे डोळे आणि दुसरं कोठीच्या खोलीचं कुलूप. नवरा रामराव गेल्यापासून वडीगोद्रीच्या त्या घरातल्या साऱ्या किल्ल्या तिच्या चोळीत, डाव्या अंगाला खोचलेल्या असायच्या. दाणे, गूळ, तेल ती स्वतः मोजून काढून द्यायची. सून साळूबाई दोन लेकरांची आई झाली, पण कोठीचा उंबरा काही तिला ओलांडायला मिळाला नव्हता.

जर्मनची लढाई चालू होती त्या साली साळूनं अंबडच्या बाजारातून साबणाची वडी आणली. चिकणमातीनं अंग घासणाऱ्या घरात साबण कशाला, इथून संशय सुरू झाला. त्याच साबणानं न्हाणीत सासूची पाठ चोळताना साळूचा हात काखेजवळ गेला आणि तिथंच थांबला.

"आत्याबाई, हितं छातीला गाठ लागून राह्यली."

"किल्ल्या दाबतात तिथं. तू पाठ घास."

"किल्ल्यांनी अशी गाठ येत न्हाई. जालन्याला डॉक्टरीणबाई हाये, बायाच तपासते. दावून तर येऊ."

गोजरबाईनं मान वळवली. किल्ल्यांचा जुडगा कोनाड्यात होता आणि त्याच्या शेजारी साबणाची वडी, ओली नि मऊ. तिला तेवढं पुरे झालं. साबणावर किल्लीचा ठसा घ्यायचा, अंबडच्या लोहाराकडून दुसरी किल्ली करून आणायची, सासूला जालन्याला धाडायचं आणि मागं कोठी साफ करायची. गाठ राहिली बाजूला, तिला सुनेचा बेतच दिसू लागला.

त्या दिवसापासून तिनं पाठ चोळून घेणं बंद केलं. किल्ल्या मात्र डावीकडच्या काढून उजवीकडं खोचल्या. दाब गेला की गाठ आपोआप बसेल, असा तिचा हिशेब. गाठ दुखत नव्हती आणि जे दुखत नाही ते दुखणं कसलं? शेजारच्या सुईणीनं, द्वारकाबाईनं, हळदीचा लेप सांगितला आणि वर म्हणाली, "पर एकदा दावून या बरं." झालं, द्वारकाबाईसुद्धा साळूला सामील.

साळू गप्प बसेना. तिनं नवऱ्याच्या, कडूबाच्या कानावर घातलं. तो गाडी जुंपायला तयार झाला.

"माय, चल जल्दी. परवा माघारी येऊ."

"मंग कोठी कोण संभाळंल?"

"कुलूप हाय की. किल्ल्या घे संगं."

"कुलपाला एकच किल्ली असती तर कवाच गेले असते," गोजरबाई म्हणाली. कडूबाला काही उमगलं नाही, आणि ती समजावून सांगणार नव्हती. बायकोच्या ताटाखालचं मांजर, त्याला काय सांगायचं?

एकदा तिनं परीक्षाही घेतली. लग्नाला म्हणून अंबडला गेली आणि जाताना कडी-कुलपाच्या मधे डोईचा एक पांढरा केस गुंडाळून ठेवला. परत येऊन बघते तर केस जागच्या जागी. दुसरी कुणी खजील झाली असती. ही म्हणाली, सून हुशार आहे, केस जसाच्या तसा गुंडाळून ठेवला. मला विचाराल तर अशा बाईचा रागच येतो, आणि पुढचं ठाऊक असल्यानं दयाही येते.

ज्वारीचं खळं झालं, पुन्हा उन्हाळा आला. घरात वास मारू लागला. माजघरातल्या रिकाम्या कणगीमागं उंदीर मेलाय, तुझं झाडलोटीकडं ध्यान नाही, म्हणून गोजरबाईनं साळूवर तोंड सोडलं. साळूनं कणगी हलवली, सारं घर झाडून काढलं. उंदीर सापडला नाही. मग ती सासूसमोर येऊन बसली आणि काही न विचारता तिनं सासूची चोळी सोडली. गाठ फुटून कापड आत जखमेला चिकटलं होतं.

"आता गाडीत बसा," साळू म्हणाली. "न्हाईतर मी उचलून बसवते."

जालन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले आणि गाठ पहिल्यांदा कधी दिसली ते विचारलं.

"साल उलटून गेलं," साळू म्हणाली.

"मग तेव्हाच का आणलं नाही? तेव्हा कदाचित काढता आली असती. आता आतपर्यंत पसरलंय. पट्ट्या बांधायच्या, एवढंच आपल्या हातात आहे."

साळूनं खाली मान घालून ते ऐकून घेतलं. सासूकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर गोजरबाईला खाटेवरून उठवेना. लेकरं गुळासाठी रडू लागली. गोजरबाईनं चोळीतून जुडगा काढून साळूपुढं टाकला. "उघड," म्हणाली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. चोराचा हात बरोबर किल्लीवर जाणार, हे तिला ठाऊक होतं.

साळूनं एक किल्ली लावली, ती फिरेना. दुसरी आतच जाईना. तिसरी अर्ध्यात अडकली, ती काढता काढता साळूला घाम फुटला.

"आत्याबाई, कोणची हो? मला म्हाईत न्हाई."

गोजरबाईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "पितळंची. वाकड्या दांडीची."

कुलूप उघडलं. आत जाऊ का, हे विचारायला साळू उंबऱ्याशी थांबून मागं वळली. सासू रडत होती.

"लई दुखून राह्यलं का?"

"तुझा हात पह्यल्याच झटक्यात त्या किल्लीवर गेला असता," गोजरबाई म्हणाली, "तर मला सुखानं मरता आलं असतं."