रेडकाला चीक, लेकराला मध

आपल्याकडे लेकरू जन्माला आलं की त्याच्या आईपेक्षा शहाणी माणसं घरात चार जास्त निघतात! अर्धापूरजवळच्या गुणाबाई त्यांतल्याच. त्यांची सून ऋतुजा नांदेडच्या दवाखान्यात बाळंत झाली, तीही दिवस भरायच्या दीड महिना आधी. लेकरू एवढंसं, काचेच्या पेटीत ठेवलेलं. ओढून प्यायची ताकद नाही, म्हणून नर्सने आईचं दूध वाटीत काढून मागितलं. ऋतुजाने कळा सोसत चार थेंब काढले. गुणाबाईंनी वाटी उचलली आणि थेट मोरीत पालथी केली.

"पिवळं, नासकं दूध हाय ते. तीन दिस न्हाई पाजायचं. मधाचं बोट लावू."

"आत्याबाई, पाया पडते, सांडू नका वो!" ऋतुजा रडायला लागली.

गुणाबाई काही दुष्ट नव्हत्या. भीतीने त्यांचा जीव अर्धा झाला होता. मागच्या साली पहिली नात जुलाबाने आठवड्याच्या आत गेली. तेव्हाही त्यांनी हे दूध फेकलं होतं, पण एक चमचा चुकून पोटात गेला आणि त्यानेच घात केला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आता हेही हातचं जाणार! सगळे देव पाण्यात घालून झाले होते.

तेवढ्यात डॉक्टर अक्षरा आल्या. उदगीरच्या, बोलायला फटकळ. त्यांनी मोरीतलं पिवळं दूध पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आजी, घरी म्हैस हाय?"

"हाय की."

"व्याली की चिकाचं काय करता?"

"आधी रेडकाला पाजतो. चीक न्हाई गेला पोटात, तर रेडकू हाती लागत न्हाई. उरला तर खरवस."

"मग सुनेचा चीक मोरीत का?"

बाईलाही चीक असतो, हे गुणाबाईंनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"त्यात प्रतिपिंडं असतात," डॉक्टर म्हणाल्या. "आकाराने बेळक्यासारखी, एक दांडा अन् दोन फाटे. केळीच्या बागेत साप निघाला तर तुम्ही बेळक्याने त्याची मान दाबून धरता ना? तशी ही दोन टोकांनी जंतू धरतात, आतड्याला चिकटू देत नाहीत. रक्तातली तर मागच्या दांड्याने लढणाऱ्या पेशींना हाकही मारतात. अन् एका जंतूचं बेळकं दुसऱ्याला बसत नाही. आईच्या अंगाने ज्या दुखण्यांशी झुंज घेतली, त्या एकेकाचं वेगळं. पोटात असताना लेकराला वारेतून, म्हणजे नाळेवाटे, काही मिळतात, पण बहुतेक शेवटच्या महिन्यांत. हे तर आधीच आलं. त्याच्याजवळ फार थोडं आहे, आजी! आणि तुम्ही त्याचा वाटा सांडला."

गुणाबाई मोरीपाशी बसल्या आणि सांडलेल्या दुधाकडे पाहू लागल्या.

"मंग पहिली नात... म्याच घालवली का वो, डॉक्टरीणबाई?"

डॉक्टर त्यांच्याजवळ वाकल्या. "ते मला सांगता येणार नाही. हे जगेल, असंही आज सांगता येत नाही. पण याला रिकाम्या हाताने लढायला लावू नका."

तोंडात पदर कोंबून गुणाबाई हुंदके देत राहिल्या. मग उठल्या, वाटी गरम पाण्याने स्वच्छ धुतली आणि सुनेजवळ जाऊन बसल्या.

"काढ, माय. जमल तेवढं काढ. म्या धरते वाटी."

कितीतरी वेळाने वाटीचा तळ भिजला. नर्सने ते थेंब लेकराच्या तोंडात सोडले. त्याने ओठ हलवले, एवढंच.

लेकरू अजून पेटीतच आहे आणि त्याच्याबद्दल खात्रीने कुणीच काही बोलत नाही. गुणाबाई मात्र वाटी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. मायबहिणींनो, गोठ्यात जे शहाणपण आपण कधी विसरत नाही, ते बाळंतिणीच्या खाटेशी येऊन का विसरतो? आईचं पहिलं दूध हा लेकराचा हक्क आहे, तो सांडायचा अधिकार कुणालाही नाही. गुणाबाईंची पहिली नात आता कशानेही परत यायची नाही. तुमच्या घरी येणारं लेकरू अजून तुमच्या हातात आहे!