धुतलेलं इंजिन

गहिनीनाथ जाऊन सात महिने झाले होते आणि घरात गाडीवरून वाद सुरू होता. असे वाद आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरांत होत असतील! जुनी गाडी घ्यायची ठरते, विकणारा कुणी मोठा माणूस असतो, आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं, त्यांच्याकडून घेताना काय तपासायचं?

शिरूर कासारच्या या घरात ते गहिनीनाथांचा मुलगा रामहरी म्हणत होता. सुंदरराव साखर कारखान्याचे संचालक. गहिनीनाथांनी वीस वर्षं त्यांच्याकडे ड्रायव्हरकी केली. शेवटची तीन वर्षं ती लाल, बुटकी, टर्बोची गाडी; पाय दाबला की पाठ सीटला चिकटावी अशी. आता सुंदरराव तीच विकत होते. रामहरीला वेगाची हौस होती हे खरं, पण त्याच्या थोरल्या बहिणीला, शिवकन्येला, आणखी काही कळत होतं. त्या स्टिअरिंगवर आण्णांचे, वडिलांचे, हात फिरले होते. तिलाही ती गाडी दारात हवी होती. इतकी हवी होती, की तिची तिलाच भीती वाटली.

म्हणून तिनं म्हाळूमामांना सोबत घेतलं. मामा कारखान्याच्या गॅरेजातले जुने फिटर, आण्णांचे सोबती. रामहरीला ते रुचलं नाही. साहेबांना काय वाटेल, हेच तो वाटभर म्हणत राहिला.

दुष्काळाचं साल होतं. माजलगावकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाची वाळकी खोडं तेवढी दिसत होती. सुंदररावांच्या गावातही टँकर आठ दिवसांनी यायचा.

अंगणात गाडी उभी होती, तिला झेंडूचा हार. सुंदररावांच्या पत्नी वत्सलाबाईंनी पूजेचं ताट तयार ठेवलं होतं. तिकडे चाकापुढं नारळ फुटला की सौदा पक्का. मग मागं फिरणं अपशकुन आणि अपमान दोन्ही. नारळ रामहरीच्या हातात आलाही होता. तेवढ्यात मामांनी बॉनेट उघडायला लावलं. आत सगळं लख्ख! रामहरी खूश झाला. मामांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि शिवकन्येला जवळ बोलावलं.

"हात लाव, पोरी. कोमट हाय. आपुन यायच्या आधीच कुणीतरी चालवून ठेवलीय. कावून? थंड इंजिनाचा धूर आपल्याला दिसू नये म्हनून." मग आवाज आणखी उतरवून ते म्हणाले, "गावात प्यायला पानी न्हाई, अन् इंजिन धुतलंय. धूळ ठिवली असती तर तिनंच सांगितलं असतं, ऑइल कुठं झिरपतंय ते."

शिवकन्येनं रामहरीच्या हातातला नारळ काढून ताटात ठेवला.

सुंदरराव रागावले नाहीत, दुखावले. "गहिनीनाथनं वीस वर्सांत मला एक सवाल केला न्हाई. अन् तू त्याची पोरगी."

तिची मान खाली गेली. सात महिन्यांपूर्वीही अशीच गेली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी फाइल मिटली आणि सगळं ठीक आहे, घरी न्या, असं सांगितलं. आण्णांच्या पायांवरची सूज तिला दिसत होती. ती शिकलेली, वाचणारी; प्रश्न ओठांवर होता. पण एवढ्या मोठ्या माणसाला विचारायचं कसं? तिसऱ्या दिवशी आण्णा गेले. विचारलं असतं तर ते राहिलेच असते असं नाही. पण तिनं विचारलं नव्हतं.

तिनं मान वर केली. "साहेब, आण्णांनी तुम्हाला विचारलं नसेल. पण गाडीला ते रोज विचारायचे."

खरंच विचारायचे. सकाळी थंड इंजिन चालू करून मागं जाऊन धूर बघायचे. लांबून आल्यावर सुंदररावांचं पाणी पिऊन व्हायचं तरी आण्णा गाडीतच. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो तापलेला असतो, लगेच बंद करायची नाही, म्हणून मिनिटभर इंजिन चालू ठेवून ऐकत बसायचे. सुंदररावांनाही ते आठवलं असावं. ते बाजेवर टेकले.

"थंड होऊ द्या मग."

तीन तास गेले. वत्सलाबाईंनी सगळ्यांना जेवू घातलं. मधेच शिवकन्या गाडीत जाऊन बसली. सीट पार मागं सरकवलेली, कुण्या उंच माणसाच्या मापाची. स्टिअरिंगला अत्तराचा वास. तरी तिनं हात ठेवले. बराच वेळ तसेच ठेवले.

दुपार कलल्यावर मामांनी गाडी चालू केली. मागून निळसर धूर आला आणि येतच राहिला. गाडी बंद करून त्यांनी टर्बोचा हवेचा पाईप सोडवला. वाटीभर ऑइल सांडलं. आतलं चक्र बोटानं हलवलं तर ते डगडगलं. ट्यूनिंग केलंय का, असं विचारताच सुंदररावांनी पुतण्याला फोन लावला. गहिनीनाथांमागं गाडी तोच चालवायचा. त्यानं कबूल केलं. जादा ताकदीसाठी ट्यूनिंग केलं होतं, ऑइल सात महिन्यांत एकदाही बदललं नव्हतं, आणि काल आलेल्या टँकरच्या पाण्यानं इंजिन धुऊन आज सकाळी गाडी फिरवूनही आणली होती.

"वेगात असताना टर्बो गेला अन् गाडी बसली, मागनं ट्रक आला, तर काय करशील बे?" मामांनी रामहरीला विचारलं.

सुंदररावांनी स्वतः उठून हार काढला. "गहिनीनाथ गेल्यापासून हिला कुणी इचारलंच न्हाई," ते म्हणाले. "मीबी न्हाई."

परतताना शिरूर जवळ आल्यावर रामहरी म्हणाला, "आक्का, मला गाडी नको होती गं. आण्णांचं काहीतरी दारात हवं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

वाचकहो, जुनी टर्बोची गाडी घ्याल तेव्हा इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. धूर बघा, ऑइल कधी बदललं ते कागदावर बघा, ट्यूनिंग केलंय का ते विचारा. विकणारा कितीही मोठा असो, विचारा. विचारण्यानं कुणाचा मान जात नाही. न विचारण्यानं आपलं माणूस जाऊ शकतं.

पुढच्या महिन्यात शिवकन्या आईला, सारजाबाईंना, बीडला दाखवायला घेऊन गेली. डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळे झाले तरी ती उठली नाही. ही गोळी कशाची, सूज कशानं, किती दिवस वाट बघायची? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. दहा मिनिटं लागली. आईचा हात धरून जिना उतरताना शिवकन्या मनातल्या मनात तेवढीच दहा मिनिटं आण्णांसाठी मागत राहिली.