पोटरीची डागडुजी

मित्रांनो, मी एक फार जुना जनुक आहे. माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी, नुसते मासे पोहत होते तेव्हापासून आमचे घराणे कामाला जुंपलेले आहे. तुमच्या पेशीपेशीत माझ्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बाबांकडची.

मी स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही. मी फक्त एका प्रथिनाची कृती सांगतो. पण काय ते प्रथिन! तुम्ही जिना उतरता तेव्हा पोटरीच्या स्नायूंतल्या पेशींचे पातळ आवरण जागोजागी फाटते. माझे प्रथिन धावते, ठिगळे गोळा करते आणि भोक बुजवते. तुम्ही खाली पोचेपर्यंत डागडुजी झालेलीसुद्धा असते. युगे लोटली, तरी मी अजून थक्क होतो.

मी जिच्यात राहतो, त्या मुलीत मात्र माझ्या दोन्ही प्रतींत एकेक अक्षर चुकले आहे. दोन लाखांहून जास्त अक्षरांत एक! तेवढ्यानेच तिच्यात ते प्रथिन बनत नाही. आईबाबांची प्रत्येकी एकच प्रत चुकलेली, दुसरी शाबूत, म्हणून त्यांचे निभावले. ही लहानपणी शर्यतीत कुणाला हात लावू द्यायची नाही. एकोणिसाव्या वर्षी चपलांच्या दुकानात कामाला लागली. एकदा वरच्या फळीवरचा खोका काढायला गेली, तर टाचा उचलेनातच.

तिचे बाबा शाळेत कवायत शिकवायचे. "अंगचोरपणा नुसता! रोज शंभर वेळा टाचा वर," ते म्हणाले. "दुखतंय हो," म्हणत, ओठ घट्ट आवळून ती करायची. दर वेळी आवरण फाटायचे आणि ठिगळ लावायला कोणी यायचे नाही. माझा जीव कासावीस व्हायचा, पण मला तोंड कुठे आहे? एका डॉक्टरांनी स्नायूंना सूज आली असे समजून ती उतरवायच्या गोळ्या दिल्या. पोटऱ्या आणखीच सुकल्या.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त तपासायला पाठवले आणि माणसांनी मला अक्षर न् अक्षर वाचून काढले. मला कुणी वाचू शकेल, असे स्वप्नातही वाटले नव्हते!

"यावर अजून औषध नाही," बाई म्हणाल्या. "पण जोराचा व्यायाम आजपासून बंद. त्यानं स्नायू लवकर जातात. एक चूक आईकडून आली, एक बाबांकडून. दोष कुणाचाच नाही."

बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे मी हिला रोज..."

"बाबा, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"तू सांगत होतीस की," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.

मित्रांनो, कोणी दुखतंय म्हणाले, की आधी त्याचे खरे माना. मला वाचायला मोठी यंत्रे लागतात. तिचे ऐकायला काहीच लागत नव्हते.