रामजीचा कान

आमच्या घरात किमती वस्तूची जागा एकच, माळ्यावरची ट्रंक. माझा लग्नातला शालू, सासूबाईंची नथ, सगळं तिथे डांबरगोळ्यांच्या वासात पडलेलं असे. त्यामुळे बोटीवर नोकरीला असलेल्या दौलतभावोजींनी अमेरिकन कॅमेरा आणला, तेव्हा त्याच्या फिल्मही आमच्या ह्यांनी ट्रंकेतच टाकल्या. मी म्हटलं, "अहो, वर पत्रा तापतो. माठाखालच्या ओल्या वाळूत डबा ठेवते, थंड राहतील." तर मला म्हणाले, "तुझी विड्याची पानं ठेव माठाखाली. ही परदेशी वस्तू आहे." शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण घरात शहाणा हवा ना.

लालबागला आमचा फोटो स्टुडिओ होता, मागच्या खोलीत संसार. ह्या नव्या कॅमेऱ्याला अंधारखोली लागत नसे. बटण दाबायचं, कागद ओढायचा, जरा थांबून कॅमेऱ्याचं मागचं दार उघडायचं, की फोटो सोलून हातात. मग बरोबर आलेल्या ओल्या बोळ्याने त्यावर रोगण फिरवायचं. सिरक्यासारखा वास यायचा त्याला. ते रोगण सुकलं की फोटो पक्का. त्याला कुठे ओरखडा गेला, तर फोटो तिथून विरायला लागे. आणि निगेटिव्ह नाहीच. एक फोटो, त्याला दुसरा भाऊ नाही.

ट्रंकेतल्या फिल्मचा उन्हाळ्यात निकाल लागला. आतलं औषध वाळलं, माणसांच्या जागी तपकिरी डाग यायला लागले. कॅमेरा मात्र मी माठाशेजारी ठेवला होता, म्हणून त्यात घातलेल्या फिल्मवर एक शेवटचा फोटो निघण्याजोगा राहिला.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला देणार नाही असं दिल्लीने जाहीर केलं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. आमच्या ह्यांनी मोर्चाचे फोटो काढले. पोलीस आले, फिल्म उन्हात ओढून काढल्या, दुकानातला मोठा कॅमेरा उचलला आणि दुकानाला सील ठोकून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच चाळीतली कमलाबाई दारात येऊन बसली. ही मालवणकडची विधवा. मुलगा जयवंत गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर होता. नायगावच्या बीडीडी चाळीतला रामजी त्याच्या शेजारच्या सांच्यावर काम करायचा. दोघांची दोस्ती अशी, की रामजी रोज संध्याकाळी जयवंताला हाक मारायला आमच्या चाळीत यायचा. कमलाबाई त्याला चहा द्यायची, पण त्याचा कप खिडकीत वेगळा असायचा. तो चहा प्यायचा, कप विसळायचा आणि परत खिडकीत ठेवायचा. आदल्या दिवशी मोर्चावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात रामजी पडला, जयवंत त्याला उचलायला वाकला, आणि तोही उठला नाही.

"अंबिका," कमलाबाई म्हणाली, "माझ्या झिलाचो एकय फोटो घरात नाय गो. उद्या त्येचा तोंड कसा होता, ता मी खंय बघू?"

आम्ही दोघं तिच्याबरोबर निघालो. कॅमेरा भाजीच्या पिशवीत, वर मेथीची जुडी.

इस्पितळाच्या व्हरांड्यात दोघं एका चादरीखाली शेजारी शेजारी होते. उशाशी रामजीची आई रखमा बसली होती. मिरवणूक निघू नये म्हणून मयतं पोलिसांच्या गाडीतून थेट स्मशानात जाणार होती. फौजदार जिन्यापाशी उभा राहून घाई करत होता.

आमच्या ह्यांनी कॅमेरा काढला आणि हळूच म्हणाले, "एकच निघेल."

दोघी आयांनी एकमेकींकडे पाहिलं. मग रखमा म्हणाली, "दोघांचा संगं काढा. संगंच ग्येलेत."

कमलाबाईने मान हलवली. पुढे झाली, जयवंताचे केस सारखे केले, आणि त्याच हाताने रामजीचेही केले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

जयवंताची मान रामजीकडे कलली होती. त्याचे पुढचे केस रामजीच्या कपाळावर आले होते आणि रामजीचा कान त्याच्या गालाला टेकला होता. फोटो निघाला, मी तो पदराखाली घेतला, तोवर फौजदार आलाच. "फिल्म काढ!" ह्यांनी सोलून उरलेला काळा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो चुरगाळून फेकला आणि आपण मोठं काम केलं अशा थाटात निघून गेला.

घरी येऊन मी रोगण फिरवलं. इतका स्वच्छ फोटो त्या कॅमेऱ्याने कधी दिला नव्हता. जयवंताच्या हनुवटीवरचे खुंट मोजता आले असते. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

फोटो बाराव्यापर्यंत कमलाबाईकडे, मग रखमाकडे, असा आळीपाळीने ठेवायचं ठरलं. मधल्या काळात त्याची नक्कल करून घ्यावी म्हणून हे चार स्टुडिओंत हिंडले. सगळ्यांनी हात वर केले. गोळीबारातल्या मयताचा फोटो दुकानात सापडला तर आम्हालाही टाळं, म्हणाले.

बाराव्याला शिवडीहून जयवंताचा चुलता बाबुराव आला. देव्हाऱ्याशेजारी फोटो पाहिला आणि त्याचं टाळकं सरकलं. रामजीवर बोट ठेवून म्हणाला, "वहिनी, देवाच्या बाजूक ह्येचो फोटो? आमच्या घरात चलाचो नाय."

"बाबुराव, दुसरा निघत नाही ह्याचा," हे म्हणाले.

"मग कापा."

मी कमलाबाईकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून जमिनीकडे बघत होती. मला असा संताप आला. "कमलाबाई, बोला काहीतरी!"

"दीर आसत ते," ती म्हणाली. "मी काय बोलतलंय?"

बाबुरावानेच कात्री चालवली. जयवंताचा चेहरा सबंध राहावा म्हणून त्याने जपून कापलं, पण टेकलेली डोकी कात्रीने कशी वेगळी होणार? जयवंताच्या तुकड्यावर रामजीचा कान राहिला. बाबुरावाने दाढीचं पातं घेतलं आणि तो कान खरवडायला बसला.

"अहो, रोगण जाईल!" हे ओरडले. "फोटो मरेल!"

"मेल्ल्याचो फोटो आणखी काय मरतलो?" बाबुराव म्हणाला आणि पातं फिरवत राहिला.

रखमाचा तुकडा नेऊन द्यायला मीच नायगावला गेले. तिने तो उजेडात धरला. "कान?" तिने विचारलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय ते तिला कळलं असणार, असल्या गोष्टी त्यांना आयुष्यभर कळत आल्या होत्या. मग तिने वरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे रामजीच्या कपाळावर जयवंताचे केस राहिले होते. ती म्हणाली, "ह्ये लेकरू बी आलं," आणि फोटो उशीखाली सारला.

पावसाळ्यात खरवडलेल्या जागेपासून जयवंत विरायला लागला. आधी गाल गेला, मग ओठ. कमलाबाई रोज सकाळी पदराने फ्रेमची काच पुसायची. तिला वाटायचं, धूळ बसते आहे. मी सांगितलं नाही. सांगून करणार काय होतो? नवरात्रात डोळे गेले, आणि काचेमागे पिवळट कागद तेवढा राहिला. मग तिने पुसणं सोडलं.

दसरा झाल्यावर एका दुपारी ती माझ्याकडे आली. "माका नायगावाक घेऊन चल गो."

रखमा नुकतीच नागपूरहून, धम्माची दीक्षा घेऊन परतली होती. अंगावर पांढरं लुगडं. भिंतीवरचे देव उतरले होते, बुद्धाची तसबीर होती, आणि तिच्याखाली नव्या फ्रेममध्ये रामजी, एका कानाचा. कमलाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"येऊ काय?"

"या की," रखमा म्हणाली.

रखमाने फ्रेम उतरवून तिच्या मांडीवर ठेवली. कमलाबाईने आधी रामजीचा चेहरा पाहिला, कापलेल्या कडेपाशी थबकली, मग तिचं बोट वर कपाळाकडे गेलं.

"हे जयवंताचे केस मां?"

"व्हय," रखमा म्हणाली. "आमी न्हाई खरवडले."

कमलाबाई हुंदके देऊन रडायला लागली. काचेवरचं बोट तिने काढलं नाही, आणि दिवेलागण झाली तरी रखमाने फ्रेम परत मागितली नाही.