मशीनचं प्रस्थान

सून कशी असावी याबद्दल लकडगंजात प्रत्येकीचं मत आहे, आणि बहुतेकींचं चुकलेलं आहे. माझ्या सुनेच्या पोळ्या गोल होत नाहीत, हे मला लग्नाच्या आधीच माहीत होतं. प्रताप नगरला मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या आईनंच सांगून टाकलं. मी म्हटलं, पोळ्यांचं मी बघते, तुम्ही फक्त मुलगी द्या. आता शेजारपाजारच्या बाया विचारतात, प्रयागबाई, तुम्ही ओळखलं कसं? लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरात उभा जन्म गेला माझा. साल पाहून आतलं लाकूड कसं असेल ते मला कळतं, माणसाचं कळणार नाही?

आमची सागवानाची वखार आहे. खाली पेढी, मागे आरा, वर आम्ही राहतो. तेव्हा पेढीची किल्ली माझे सासरे नानाजी यांच्या कमरेला असायची. माझे यजमान मधुकरराव पन्नाशीला आले होते, पण वडिलांसमोर त्यांची मजल ‘हो नानाजी’च्या पुढे कधी गेली नाही. मुलगा जंगलातल्या लिलावांसाठी सदा फिरतीवर. आणि लतिका, माझी सून, बी.एस्सी. झालेली, वर धरमपेठेत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, माडीवर बसून गहू निवडत होती. माझा जीव तुटायचा. गहू निवडायला काय, मी होते ना.

अठ्ठ्याऐंशी साली मुलानंच नानाजींच्या मागे लागून बिलं करायची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, घ्यायला त्यांना राजी केलं. धरमपेठेतला मनोहर नावाचा इंजिनिअर ती बसवून देणार होता. दसऱ्यापर्यंत वापरा, पटली नाही तर परत करा, असा सौदा ठरला. नानाजींनी त्यात स्वतःची एक अट घातली. मशीन चालली तर लतिका पेढीवर बसून ती चालवेल. नाही चालली, तर मशीन धरमपेठेत आणि सून माडीवर. आमच्या घरातली बाई त्याआधी पेढीवर बसलेली नव्हती. लतिकानं मान हलवली आणि हातातलं सूप बाजूला ठेवलं. ते सूप तिनं पुन्हा हाती घेऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आता गंमत अशी की मशीन आली ती ऐन पितृपक्षात. नानाजींनी कपाळाला हात लावला. पितृपक्षात आमच्याकडे नवं वस्त्रसुद्धा कोणी अंगाला लावत नाही, आणि ही तर चांगली टेबलभर मशीन. मनोहर म्हणाला, मला पुढे सवड नाही, मी नवरात्रात माहूरला जाणार आहे, आताच सुरू करून देतो. नानाजी म्हणाले, सुरू करशील तर दसऱ्यालाच. दोघंही हटेनात. शेवटी नानाजींना प्रस्थानाची युक्ती सुचली.

प्रस्थान आमच्याकडे सगळे ठेवतात. प्रवासाला निघायचा मुहूर्त आणि निघायची सोय जुळत नसेल, तर मुहूर्तावर आपलं धोतर किंवा सुपारी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. झालं, तुम्ही निघालात. मग अंगानं केव्हाही निघा, वाटेत ती वस्तू उचला आणि पुढे चला. नानाजींनी मनोहरला विचारलं की या मशीनला तारीख कोण सांगतं. मनोहर म्हणाला, आपणच सांगतो, तिला स्वतःला काही कळत नाही, विजेचं बटण बंद केलं की सगळं विसरते. नानाजी खूश झाले. म्हणाले, “मंग तिले दसऱ्याची तारीख सांग. पक्की सांग, अशी का ते हलली नाही पाहिजे. आपलं प्रस्थान ठेवून झालं.”

मनोहरनं काहीतरी टकटक केलं, पडद्यावर दसऱ्याची तारीख आली, नानाजींनी नारळ फोडला. पितरांची सोय, दसऱ्याचीही सोय. मला तर तेव्हा सासऱ्यांचा फार अभिमान वाटला होता.

पितृपक्षभर लतिकानं नुसता सराव केला. खोटी नावं, खोटी बिलं, दुपारभर टकटक. पहिलं खरं बिल निघालं ते घटस्थापना झाल्यावर, काटोलच्या रुपरावांच्या मालाचं. त्यांचं नवं घर उभं राहत होतं आणि दसऱ्याला दाराची चौकट बसवायची होती. आमचा ड्रायव्हर कवडू गाडी घेऊन सकाळी निघाला, आणि दुपारी एस.टी.नं हात हलवत परत आला. गाडी जंगल खात्याच्या नाक्यावर उभी होती. बिलावर तारीख होती दसऱ्याची, आणि दसऱ्याला अजून आठवडा होता. नाक्यावरचा माणूस कवडूला म्हणाला होता, अरे, ही गाडी तर अजून तुमच्या वखारीतून निघालीच नाही, मग माझ्यासमोर उभी कोणती आहे?

लतिकाला वाटलं, आपणच तारीख बदलायची विसरलो. तिनं मशीनला खरी तारीख सांगायला घेतली. पण मशीनला ती पटेना. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. मशीनला आधी महिना लागतो. लतिकानं तेरा तारीख आधी लिहिली, तर मशीन म्हणाली की तेरावा महिना नसतो. मधुकरराव मागून म्हणाले, दुष्काळात असतो. कोणी हसलं नाही. लतिकानं उलटी तारीख घातली, मशीननं ती घेतली, नवं बिल निघालं, कवडू ते घेऊन गेला आणि गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी रुपरावांच्याच मालाची दुसरी गाडी निघाली, त्यात ती चौकट होती. आदल्या दिवशी तारीख नीट लावली होती, म्हणून लतिकानं निश्चिंत मनानं बिल काढलं, नानाजींनी सवयीनं सही केली. गाडी त्याच नाक्यावर, त्याच माणसासमोर, त्याच कारणासाठी अडली. बिलावर पुन्हा दसरा.

कवडू पुन्हा एस.टी.नं परतला, तेव्हा मी जिन्यात उभी होते. मधुकरराव हळूच म्हणाले की पितृपक्षात आणलेल्या वस्तूला पितरांचा कोप लागतोच. मला संताप आला. आमच्या पितरांना काय तेवढाच उद्योग आहे, नाक्यावर गाड्या अडवायचा? पण पेढीवर बोलायची माझी रीत नव्हती, म्हणून मी जिन्यावरून खाली उतरले नाही.

नानाजींनी कागद ओढला, हातानं बिल लिहिलं आणि कवडूच्या हातात दिलं. मग लतिकाकडे न बघता म्हणाले, “हातानं लिहिलेलं बिल आजपावेतो कधी अडलं नाही. मनोहर माहूरहून आला का मशीन घेऊन जा म्हना.”

म्हणजे सून माडीवर. हे त्यांनी वेगळं सांगायची गरज नव्हती. लतिका खुर्चीवरून उठली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं आता रडते, पण तिनं एवढंच मागितलं की मनोहर येईपर्यंत मशीन टेबलावर राहू द्या, आणि उद्याची सकाळ मला द्या. नानाजींनी नाही म्हटलं नाही, ते मी हो धरलं.

दुसऱ्या सकाळी मी स्वयंपाक टाकून पेढीच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. माझं तिथं काम काहीच नव्हतं. लतिका एकटी नाही, एवढं तिला दिसावं म्हणून बसले. तिनं मशीन चालू केली. दसरा. खरी तारीख लावली, थांबली, पुन्हा पाहिली, तारीख जागेवर होती. बंद केली, चालू केली. दसरा. असं तिनं कितीदा केलं ते मी मोजलं नाही, पण वैतागली नाही. मी असते तर एव्हाना मशीनला धपाटा घातला असता.

मग ती माझ्याशी बोलायला लागली. मला काय कळणार होतं, पण मोठ्यानं बोललं की तिला सुचतं. ती म्हणाली, “आई, चालू आहे तोवर तिले मी सांगितलेलं आठवते. बंद केलं की विसरते. पण विसरली तर तिले काहीच आठवायला नको, मग दसराच काहून आठवते? म्हणजे सकाळी उठल्याबरोबर तिच्या कानात कोणीतरी दसरा सांगून राहिलं.”

तिनं पुन्हा मशीन चालू केली आणि या वेळी डोळा न लववता पडद्याकडे पाहत राहिली. सुरुवातीला अक्षरं भराभर वर सरकतात. त्या गर्दीत एक ओळ आली आणि गेली. पुढच्या खेपेला ती ओळ येताच लतिकानं एक बटण दाबून पडदा जागच्या जागी थांबवला. मशीनच्या पोटात एक लहानशी फाईल होती. मशीन उठल्याबरोबर सगळ्यात आधी ती वाचते, आणि त्यात लिहिलेलं निमूट करते. त्या फाईलमध्ये मनोहरनं एक ओळ घालून ठेवली होती. तारीख, आणि पुढे दसरा. नानाजी म्हणाले होते ना, पक्की सांग, हलली नाही पाहिजे. त्यानं तसंच केलं होतं. आमच्या मशीनला रोज सकाळी दसराच उजाडत होता.

लतिका माझ्याकडे वळली. आनंदानं तिचे डोळे चमकत होते, आणि मग ते एकदम विझले. माझ्याही लक्षात आलं. चूक सापडली होती, आणि चुकीवर नानाजींचं नाव होतं. तेवढ्यात मधुकरराव आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, इंजिनिअरची चूक सांगू, नाहीतरी तो इथं नाही. मी म्हटलं, तो बिचारा रेणुकेसमोर हात जोडून उभा आहे आणि तुम्ही इथं त्याच्या डोक्यावर खापर फोडता? खरं काय ते सांगा. मग लतिकाला म्हटलं, “तू जाय वं. मी आहे दाराशी.”

नानाजी पेढीवर पान लावत होते. लतिका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं विचारलं, “नानाजी, प्रस्थान ठेवलं की पुढं काय करतात?”

“उचलतात,” नानाजी म्हणाले. “निघताना ज्याचं त्यानं उचलावं लागते. तसंच राहू देलं तर मुहूर्त वाया जाते. काहून?”

“आपण मशीनचं ठेवलं, आणि उचलायचं राहून गेलं. ते अजून तिथंच आहे. तुमचा शब्द होता, म्हणून मशीननं तो हलू दिला नाही.”

नानाजींचा हात पानावरच थांबला. मधुकरराव भिंतीकडे बघत होते. म्हातारा पेटला तर मी मध्ये पडायची, असं मी ठरवून टाकलं होतं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. पण नानाजींनी पान तबकात ठेवलं आणि सावकाश म्हणाले, “म्हनजे गाड्या मीच अडवल्या.”

“अडवल्या नाही, नानाजी. ठेवणाऱ्यानं उचललं की झालं.”

ते उठले. लतिकानं त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि ती ओळ पडद्यावर आणली. जो हात साठ साठ फुटी सागाला नुसता टेकून किंमत सांगायचा, तो त्या लहानशा बटणावर अवघडला. पण त्यांनी दाबलं, आणि दसरा पुसला गेला. त्या जागी लतिकानं लिहून ठेवलं की मशीननं रोज सकाळी तारीख विचारायची, आणि कोणी सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. नानाजींना हे फार आवडलं. म्हणाले, विचारून काम करणारा नोकर आजकाल कुठं मिळते.

मशीन बंद करून चालू केली. तिनं तारीख विचारली. नानाजींनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहून सांगितली, लतिकानं आधी महिना, मग दिवस असं तिच्या पद्धतीनं लिहिलं. आणि रुपरावांच्या शेवटच्या गाडीचं बिल निघालं, त्या दिवशीच्या तारखेचं. लतिकानं ते सहीसाठी नानाजींसमोर धरलं. त्यांनी खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि पेन तिच्या हातात दिला.

“बिल तू केलं,” ते म्हणाले. “सही तू कर.”

तिनं केली. आमच्या वखारीच्या नावाखाली बाईची सही, वळणदार, पूर्ण नावाची. मी दारातून पाहत होते. माझा ऊर इतका भरून आला की लकडगंजातल्या एकूण एक घरी जाऊन सांगून यावं असं वाटलं. नंतर सांगूनही आले, ते वेगळं.

कवडू तिन्हीसांजेला परतला, यावेळी गाडी घेऊन. नानाजींनी विचारलं, नाक्यावर थांबवलं का? कवडू म्हणाला, थांबवलं. नाक्यावरच्या माणसानं तारीख तीनदा वाचली, मग बोटांवर मोजली, मग हसला. पण मग त्याचं लक्ष खाली गेलं. नानाजींची सही तो वर्षानुवर्षं ओळखायचा, आणि ही तर दुसरीच. त्यानं विचारलं, ही कोणाची?

“मंग तू काय सांगितलं?” नानाजींनी विचारलं.

कवडू गाडीची चावी खुंटीला अडकवत होता. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. “काय सांगतो? मालकाची हाय म्हटलं.”

मधुकररावांनी चमकून वडिलांकडे पाहिलं. नानाजी एका चुकलेल्या शब्दासाठी माणसाला दारातून परत बोलावणारे. पण त्यांनी कवडूसाठी चहा सांगितला, आणि लतिकाला विचारलं की उद्याच्या गाड्या किती आहेत.